उस्तादांच्या जीपचे मागचे दिवे

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

उस्ताद आले होते! दुकानावर. आपण होऊन!

चहा पिऊन परततो तर शटरसमोर त्यांची जुनी फोर-बाय-फोर जीप उभी, आणि बाकावर हिंमतराव उस्ताद. पांढरी टोपी, हात गुडघ्यांवर. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण बसणं अजून ड्रायव्हरचंच — उजवा पाय जरा पुढं, जणू बाकाखाली अॅक्सिलरेटर आहे.

पाया पडलो.

"राहू दे बे, उकंड्या. तुह्या हाताचं ग्रीस लागन."

"वहिनी नाही आल्या?"

"आली न. बाजारात गेली."

मी हात पुसले, कशाला आले ते विचारलं नाही. उस्तादांना विचारायचं नसतं. नऊ वर्षं त्यांच्या ट्रकवर क्लीनर होतो — तो लाईनीचा कायदाच होता. उस्ताद सांगतील ते ऐकायचं, न सांगतील ते ओळखायचं. विचारणारा क्लीनर पुढच्या ढाब्यावर उतरतो. माझे कान तिथंच तयार झाले. आजही गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की सांगतो, बेअरिंग गेलं की बुश.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, ट्रॉलीचं फाटक घेऊन. हाक मारली, "हिंमतराव!" — आणि आम्ही दोघंही "हो" म्हणालो! पाटीवर 'हिंमत फॅब्रिकेशन' आहे. तीस वर्षं झाली, लोक मलाच हिंमतराव समजतात आणि मी समजू देतो.

"कोन होय बे हा दुसरा हिंमतराव?" उस्ताद.

"चोरीचा माल आहे, उस्ताद."

हसले. खांदे हलेपर्यंत हसले. मग म्हणाले, "जीपले मागं दिवे लावून दे. पहाटे पांदणीतून गाडी मागं घ्या लागते. मागचं काही दिसत नाही."

एवढंच. जन्मात पहिल्यांदा काही मागितलं त्यांनी माझ्याकडे. 

रुक्मिणीवहिनी पिशवी भरून आल्या. "मजबूत कर हो, उकंडाभाऊ. बोराट्या लय आहेत, एका दिवसात तोडून ठेवतीन." जीप ठेवून दोघं एसटीनं गेले.


५ नोव्हेंबर

शालू — बायको माझी — म्हणते, रात्री झोपेत मी "आन दे, आन दे… बस!" करत होतो. केलं असेल.


६ नोव्हेंबर, गुरुवार

जीप आत घेतली. सीटवर बसलो तर आरशात रस्ता नाही — मागची सीट आणि दुधाच्या दोन कॅन. आरसा पार खाली झुकलेला. हे उस्ताद? आरशावर बोटाचा ठसा दिसला म्हणून ज्यांनी मला भर उन्हात अर्धा मैल ट्रकमागं पळवलं होतं! आता आरशात बघतच नाहीत की काय? मनात खुटकलं. सरळ करणार होतो. नाही केला. उस्तादांच्या आरशाला हात लावत नाहीत.

मागं एकच दिवा, मूळचा. काच तडकलेली, आत पाणी शिरून शेवाळ धरलेलं. रिव्हर्स गिअर टाकला तर देवघरातल्या समईएवढा उजेड. तोही हलणारा.

पांदण मला माहीत आहे. त्यांचा मळा तिच्या अगदी टोकाला. दोन्हीकडे बांध, बांधावर बोराट्या, मधे एक गाडी मावेल एवढी वाट, खाली काळी माती. पूर्वी मळ्यात गाडी वळायची. आता शेजाऱ्यानं तारेचं कुंपण घातलंय. आत जायचं ते सरळ, बाहेर यायचं ते उलटं — नाल्यापर्यंत निम्मा किलोमीटर. आणि मधे डाव्या अंगाला ती विहीर. कठडा नाही. बाभळीच्या फांद्या टाकल्यात, बस.

दोन म्हशी आहेत. पहाटे पावणेसहाला दूध रस्त्यावर पोचलं पाहिजे. म्हणजे रोज अंधारात त्या विहिरीजवळून उलटं यायचं. सत्त्याहत्तराव्या वर्षी!


८ नोव्हेंबर, शनिवार

बाजारातले तयार ब्रॅकेट आणून ठोकले असते तर तासाभराचं काम. नाही ठोकले. उस्तादांची गाडी आहे.

दिवे बंपरखाली नकोत — नाल्यातून चढताना शेपूट घासतं, पहिल्याच दिवशी जातील. बंपरवर एकदम मधेही नकोत — स्टेपनी आड येते. म्हणून दोन कोपऱ्यांत, बॉडीच्या चार बोटं बाहेर. म्हणजे नुसती वाट नाही, दोन्ही बांधांची मुळंही दिसतील. पाच एमएमची पट्टी कापली, गरम करून वाकवली, चेसिसला जिथं कंपनीचंच भोक आहे तिथंच बोल्ट घेतला. नवं भोक पाडलं नाही. चेसिसला भोक पाडणारा मिस्त्री आणि गाईला डाग देणारा माणूस मला सारखेच वाटतात.

दिव्यापुढं सळईची जाळी. खाली ट्यूबच्या रबराची गादी, म्हणजे दणके दिव्याला बसणार नाहीत. महादेवराव — माझ्याकडचा वेल्डर, वीस वर्षं झाली — म्हणतो, "भाऊ, जीप आहे का नवरीचा दागिना?"

म्हटलं, तू जाळी घास गुपचूप.


९ नोव्हेंबर, रविवार

दुकान बंद. पण वास जात नाही नाकातून — तापलेल्या लोखंडाचा नाही, सरकीचा!

खामगावची जिनिंग. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग. त्या प्रेसचं फाटक इतकं अरुंद की ट्रक आणि भिंतीमधे तळहात मावायचा नाही. बाकीचे ड्रायव्हर तिथं बदली माणूस बोलवायचे. उस्ताद नाही. उस्ताद बिडी विझवायचे, काच पूर्ण खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "उकंड्या, बोल."

मी मागं. चौदा वर्षांचा, त्यांचाच जुना शर्ट गुडघ्यापर्यंत. "आन दे… आन दे… थोडं कंडक्टर साईड… आन दे…" आणि फळीवर थाप. दोन थापा म्हणजे ये, एक म्हणजे जागीच थांब. उस्ताद आरशात बघायचेसुद्धा नाहीत. मान खाली, कान माझ्याकडे. एवढा मोठा ट्रक एका पोराच्या आवाजावर मागं येत होता! ज्याला आईनं दोन पोरं गेल्यावर उकिरड्यावर ठेवून परत उचललं, म्हणून ज्याचं नाव उकंडा, ज्याला गावात कोणी 'ए' शिवाय हाक मारली नाही — त्याच्या 'बस'वर सोळा टन थांबायचे.

एकदा खोकला आला मला. मधेच. ट्रक जागच्या जागी थांबला. उस्ताद उतरून आले, पाणी दिलं, आणि परत जाऊन बसले. रागावले नाहीत. रांगेतला एक सरदारजी ओरडत होता तर त्याला म्हणाले, "मेरा आँख खाँस रहा है, रुको."

आमच्या रोडवर तेव्हा गाड्यांना खंड नव्हता. नागपूरपासून मुंबईपर्यंत जो जाईल तो आमच्या दारावरून. आता समृद्धी झाला आणि हा रोड म्हातारा झाला. दुपारी कुत्री झोपतात मधोमध.


११ नोव्हेंबर, मंगळवार

शिवमचा फोन, पुण्याहून. उस्तादांचं एकुलतं, उशिरा झालेलं पोर. चांगला आहे. मराठी मात्र आता इस्त्री केलेली.

"काका, बाबांची गाडी तुमच्याकडे आहे ना? एक विचारायचं होतं. बाबांचे डोळे कसे वाटतात तुम्हाला? दिवाळीत मला पाणी देताना तांब्या टेबलाच्या बाहेर ठेवला. विचारलं तर म्हणतात, हात ओला होता. आईला विचारलं तर म्हणते, तुझं काम तू कर."

म्हटलं, "मला तर ठीक वाटले."

"नीट बघाल का? गाडी चालवण्यासारखे नसतील तर मला सांगा. मी गाडी विकून दोघांनाही इकडं घेऊन येतो. फ्लॅटला लिफ्ट आहे."

लिफ्ट आहे! वहिनी काय म्हशी लिफ्टमधून नेणार आहेत?

पण पोराचंही खोटं नाही. म्हटलं, बघतो.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

वायरिंग झालं. बॅटरीपासून वेगळी लाईन, फ्यूज, रिले. गिअरबॉक्सच्या स्विचवरून रिलेला इशारा. डॅशखाली एक खटका — खाली असला की रिव्हर्स गिअर टाकल्यावर दिवे आपोआप लागतात, वर केला की गिअर नसतानाही कायम. कायम लावलेले रस्त्यावर वापरायचे नाहीत, मागच्याचे डोळे जातील. मळ्यात चारा काढायला, म्हैस व्याली तर, तेव्हा.

पहिल्यांदा लावले तर डावा दिवा फडफडला. महादेवरावनं अख्खी वायर उलटीपालटी केली. मी नुसता कान लावला — रिले टिकटिक करत नव्हता, म्हणजे वरून सगळं ठीक. अर्थिंग! रंगावरच बोल्ट आवळला होता गड्यानं. रंग खरवडला, आवळला. पेटला!

दुपारी तीनला, उन्हातसुद्धा समोरच्या भिंतीवर दोन पांढरे डाग. उस्ताद खूश होणार.


१५ नोव्हेंबर, शनिवार

कसं लिहू.

संध्याकाळी जीप घेऊन मळ्यावर गेलो. महादेवराव मोटारसायकल घेऊन मागं, त्याला नाल्यापाशी रस्त्यावर थांबवलं. तूर माणसाएवढी झालीय. पांदणीतून आत गेलो तर दोघंही अंगणात उभे. वहिनींनी जीपला आधी कुंकू लावलं, मग मला बसायला खाट टाकली. क्रम बरोबर आहे.

खटका समजावून सांगितला. उस्ताद "हाव, हाव" करत होते, लक्ष भलतीकडे. वहिनीच वाकून बघत होत्या. "खाली ठुला का गिअरसंग, वर केला का कायम. असंच न?" दोनदा खाली-वर करून पाहिलं. म्हटलं, वहिनी, तुम्हाला दुकानात कामाला घेतो. "घ्या न. हे काही कामाचे राह्यले नाहीत." उस्ताद म्हणाले, "पाह्य बे, चाळीस-पन्नास वर्षं हेच ऐकून राह्यलो."

दिवस बुडाला तसे उस्ताद जीपमागं दहा पावलांवर जाऊन उभे राहिले. जिथं मी उभा राहायचो तसे. "लाव."

मी रिव्हर्स टाकला. काय उजेड पडला! बांधाची मुळं, बोराटीवरचं एकेक बोर, मातीतले म्हशींचे खूर — सगळं दिवसासारखं. स्वतःच्याच कामावर जीव जावा असा उजेड.

"डावा नाही लागला," उस्ताद.

उतरलो. मागं आलो. दोन्ही लागलेले. ठणठणीत.

"कोनता, उस्ताद?"

"डावा बे. उजवा लागला, डावा नाही."

मी दिव्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. तोंडावर दोन्ही दिव्यांचा उजेड — दोन्ही गालांवर. डोळे उघडे. तिथं काही नव्हतं त्या डाव्या बाजूला. त्यांच्यासाठी.

मी खाली बसलो. वायर हलवल्यासारखी केली. पाना पट्टीवर उगीच वाजवला. "आता?"

उस्तादांनी मान हळूच फिरवली, कोंबडा फिरवतो तशी. "हां. आता लागला. लूज असंन काई."

"हो उस्ताद. लूज होतं."

उठलो तर मागं वहिनी, हातात पाण्याचा तांब्या. सगळं पाहिलं होतं त्यांनी. माझ्याकडे बघत होत्या. मी पाणी प्यायलो आणि तांब्या त्यांच्याकडे न बघता परत दिला.

पांदणीतून चालत बाहेर आलो, मोबाईलच्या उजेडात. विहिरीपाशी थांबलो. चाकाचे वळ विहिरीच्या काठापासून दीड हात. रोजचे. मी तिथं उभा राहून खडा टाकला आत. बराच वेळ लागला त्याला पाण्याचा आवाज करायला.

मी काय बनवून दिलं? आंधळ्याला आरसा!


१६ नोव्हेंबर

पहाटे साडेपाचला जाग. आत्ता मागं घेत असतील. सहापर्यंत फोन आला नाही म्हणजे पोचले.


१७ नोव्हेंबर, सोमवार

आजही साडेपाचला जाग. आजही सहापर्यंत फोन हातात धरून बसलो.

हे रोज करायचं का मी? आणि एक दिवस वाजला तर? शेजारच्या सीटवर वहिनी असतात दुधाच्या कॅन सांभाळत. दोघं.

उस्तादांशी बोलायला हवं होतं, दहा वेळा ठरवलं. काय बोलू? "उस्ताद, तुम्हाला दिसत नाही"? ज्या माणसानं मला दिसणं शिकवलं त्याला?

दुपारी शिवमला फोन केला. सांगितलं. उस्तादांना डावीकडचं दिसत नाही, विहीर डाव्या बाजूला आहे. एवढंच. आवाज माझाच मला ओळखू आला नाही.

तो मग म्हणाला, "थँक्यू काका. शनिवारी येतो. गाडीसाठी इथल्या एका ऑफ-रोडवाल्यांच्या ग्रुपमध्ये गिऱ्हाईक आहेच. आई-बाबांनाही घेऊन जातो. म्हशींचं काहीतरी बघू."

म्हशींचं काहीतरी बघू. मी एक वाक्य बोललो आणि एक अख्खा मळा उठला.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

उस्तादांचा फोन. पोरानं सांगितलंच असणार.

"उकंड्या."

"जी, उस्ताद."

"केबिनीतली गोष्ट बाहेर गेली बे."

आणि ठेवला.

लाईनीतला सगळ्यात मोठा गुन्हा. गाडी ठोकली तर उस्ताद माफ करायचे. डिझेल सांडलं तर माफ. केबिनीत जे झालं — कोण रडलं, कोणाला घरची चिठ्ठी आली, कोण घाटात घाबरलं — ते बाहेर सांगणारा, त्याला माफी नाही. नऊ वर्षांत मी एक शब्द बाहेर काढला नव्हता. आज काढला.

दिवसभर ग्राइंडर चालू ठेवला. आवाजात बरं वाटतं.


१९ नोव्हेंबर, बुधवार

जालन्याची आठवण येऊन राह्यली सारखी.

सत्त्याऐंशी साल. मी तेवीस वर्षांचा, हात ड्रायव्हिंगला बसलेला, लायसन काढायचं एवढंच बाकी. जालन्यात ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बदलायला थांबलो होतो एका वेल्डिंगच्या दुकानात. म्हातारा मिस्त्री होता. तो सांधा मारत होता आणि मी ऐकत होतो — नीट मारलेल्या वेल्डिंगचा आवाज वेगळा असतो, कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा. उगीच बोललो, "चाचा, आता करंट कमी झाला तुमचा." मिस्त्रीनं मशीन पाहिलं. खरंच कमी झाला होता.

उस्ताद जवळच चहा पीत होते. गाडी तयार झाली, मी केबिनीत चढायला लागलो तर माझी पत्र्याची पेटी खाली ठेवलेली.

"इथं राह्य. हे शिक."

"उस्ताद, माह्यं काही चुकलं का?"

नऊ वर्षांत तो एकच प्रश्न विचारला मी त्यांना. त्यांनी गिअर टाकला. ट्रक निघाला आणि पहिल्यांदाच मागं बोलायला त्यांना कोणी नव्हतं. मी रस्त्यात उभा राहून रडलो. शिव्याही दिल्या. दोन वर्षांनी कळलं की मिस्त्रीला आधीच सांगून ठेवलं होतं त्यांनी, "पोराचे कान सोन्याचे आहेत. ड्रायव्हर करून काऊन वाया घालवू?"

हे दुकान, हे घर, शालू, पोरीचं, सुचिताचं शिक्षण — सगळं त्या खाली ठेवलेल्या पेटीतून निघालं.

तेव्हा त्यांनी मला न विचारता माझं भलं केलं. आता मी त्यांना न विचारता केलं. मग ते भलं आणि ही गद्दारी काऊन?


२० नोव्हेंबर, गुरुवार

शेवटी शालूला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडायची थांबली नाही.

"तुम्ही पोराले सांगतलं ते चूक नाही. पन आधी उस्तादांले इचारलं का?"

"उस्तादांना विचारतात का कोणी!"

"काऊन? तोंडाले कुलूप आहे का त्याईच्या?"

"तुला लाईनीचं नाही कळत."

"मले लाईनीचं नाही कळत," शालू म्हणाली, "पन दोन म्हाताऱ्या मानसांनी आपल्या दोन म्हशीपाशी राहावं का नाही, हे तुम्ही आन शिवमनं फोनवर ठरवलं, एवढं कळते. आन रुक्मिणीबाईले तर कोनी हिशेबातच नाही धरलं."

मेथी घेऊन आत गेली. मी बसलो तिथंच.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या शिवम येणार. आज मळ्यावर जायचं म्हणून निघालो होतो. पांदणीच्या तोंडापर्यंत गेलो. आत नाही गेलो. परत आलो. साठी उलटलेला माणूस आहे मी, आणि निघताना दोनदा शर्ट बदलला.


२२ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी अडीचला शिवमचा फोन. तीन वेळा वाजू दिला.

"काका, गाडी नाही नेत आहे मी."

"काऊन रे? काय झालं?"

"सकाळी चावी मागितली. आई म्हणाली, बस गाडीत. मला मागं बसवलं, बाबांना पुढं. आणि स्वतः स्टेअरिंगवर बसली! काका, अख्खी पांदण उलटी आणली तिनं, नाल्यापर्यंत. विहिरीपाशी वेगसुद्धा कमी केला नाही. दोन वर्षं झाली, आईच चालवते. मी म्हटलं पोलीस धरतील, तर पिशवीतून लायसन काढून दाखवलं. बुलढाण्याला जाऊन काढलंय, फोटोत डोक्यावरून पदर! बाबांना म्हटलं, मग एवढ्या दिवसांत सांगितलं का नाही? काकांना तरी सांगायचं. तर म्हणतात, मले कोनी इचारलंच नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना काका? आईचा निरोप आहे तुमच्यासाठी. दिवे फार छान झालेत म्हणे. फक्त डावा एक बोट खाली करून द्या. तिची उंची कमी आहे, आरशातून डोळ्यावर येतो."